खचलेला पोलीस चीफ आणि छोटं गाव : तुमचे वाचनाचे अनुभव सांगा

मंडळी, रॉबर्ट बी. पार्करची जेसी स्टोन सिरीज कुणी कुणी वाचलीये? पहिलं पुस्तक 'नाइट पॅसेज', १९९७ चं. लॉस एंजेलिसच्या होमिसाइडमधून, म्हणजे पोलिसांच्या खून-तपास विभागातून, दारूपायी नोकरी गेलेला माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या पॅराडाइज नावाच्या काल्पनिक गावात चीफ म्हणून येतो, इंटरव्ह्यूलाच पिऊन गेलेला, तरी त्याला घेतात. का घेतात ते कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. गावातल्या वजनदार माणसाला असाच हवा होता, पिणारा, मुठीत राहील असा. तिकडे शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, बहुतेक ठिकाणी निवडून येतो, पण चीफला गावचा कारभार बघणारेच नेमतात, मग नेमणाऱ्यावरच संशय आला तर करायचं काय? मला खुनापेक्षा हा पेच जास्त धरून ठेवतो. तुमचं काय झालं वाचताना ते लिहा, मोठं झालं तरी चालेल, फक्त खुनी कोण ते फोडू नका.

*

माझे बाबा प्यायचे. त्यामुळे मी असल्या पुस्तकांच्या वाटेला जायचेच नाही, बऱ्याच लेखकांना दारू म्हणजे हिरोचा रुबाब वाटतो. इथे तसं नाही वाटलं. रात्री एकटा, हातात स्कॉच, भिंतीवर ओझी स्मिथचा फोटो, बेसबॉलमधला शॉर्टस्टॉप, जेसीही त्याच जागी खेळायचा आणि खांदा गेला म्हणून खेळ सुटला. आणि किती प्यायची ते स्वतःशी ठरवत बसणं. आमच्याकडे बाटलीच्या लेबलवर बॉलपेनची रेघ असायची, बाबांनीच मारलेली, आज इथपर्यंतच. सकाळी आई ती रेघ बघायची आणि मी आईचा चेहरा. इतक्या वर्षांनी ते सगळं परत समोर आलं. बाबांना फोन लावला, कशाला केलास विचारलं तर म्हटलं सहजच.

*

वरचं वाचून गलबलून आलं गं.

माझे मिस्टर पोलिसात आहेत, त्यामुळे मी अशा कादंबऱ्यांत एकच प्रसंग शोधते, मेलेल्याच्या घरी निरोप द्यायला जाण्याचा. तो नीट लिहिलेला असला की लेखकावर माझा विश्वास बसतो. हे असा निरोप देऊन आले की बराच वेळ बूटच काढत नाहीत, तसेच खुर्चीत बसतात, मी पाणी ठेवते आणि काही विचारत नाही. मोठ्या शहरात निदान माणसं अनोळखी असतात, छोट्या ठिकाणी मेलेला ओळखीचा, मारणाराही ओळखीचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत वावरायचं. चीफ झोपत का नाही हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

*

मला जेनचा, जेसीच्या आधीच्या बायकोचा, कंटाळा आला, स्पष्टच लिहितो. घटस्फोट झालाय ना, मग ते रात्रीचे फोन कशाला? तीन पुस्तकांनंतर सोडली सिरीज.

*

मी तर त्या फोनांसाठीच पार्करची नऊच्या नऊ वाचली. (२०१० मध्ये तो गेला, पुढची दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत, ती मी घेतली नाहीत.) माझाही घटस्फोट झालाय आणि दोन वर्षं आमचे असेच फोन चालू होते, विषय काय तर गॅसचं बिल, तिच्या आईचा गुडघा, आणि ठेवताना दोघंही थांबायचो. बाहेरच्याला कंटाळाच येणार त्याचा, पण ते तसंच असतं हो. आणि डिक्स! तो मानसोपचारतज्ज्ञ, स्वतः आधी पोलीस, स्वतः दारू सोडलेला, फार बोलत नाही. त्याच्यामुळे मी काउन्सेलरकडे जायला तयार झालो, पहिल्या दिवशी पाऊण तास नुसता कामाबद्दल बोललो, तिने बोलू दिलं.

*

मी यातलं एकही वाचलेलं नाही, आता वाचावंसं वाटतंय. क्रमानेच वाचायला लागतील का?

*

हो, पहिल्यापासूनच. मधलं उचललंत तर तपास कळेल, पण हा माणूस फोनची वाट का बघतोय ते नाही कळणार.