कोटिक्यूल दगडावर वस्तऱ्याची धार वाढायच्या ऐवजी जातेय

पाटणकर_जुने
जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा आहे, ५/८ इंच रुंदीचा, फुल हॉलो (पातं दोन्ही बाजूंनी खोल कोरलेलं). १००० ग्रिटच्या भरड सिंथेटिक दगडावर बेव्हल (धारेलगतचा उतार) बसवली तेव्हा मनगटावरचे केस सहज उडत होते. नंतर पिवळ्या कोटिक्यूलवर (१५० × ४० मिमी) छोटा दगड उगाळून दाट स्लरी (दगडाच्या भुकटीचं पाणी) काढली, ६०-७० फेऱ्या मारल्या, मग चामड्याचा पट्टा. आता मनगटाचे केसही धड निघत नाहीत आणि हनुवटीवर ओढतो. दगडच हिणकस आहे का? की सरळ जपानी दगड घ्यावा?

खडकमाळ
दगड बिचारा ठीक असणार. बेल्जियममध्ये व्हिएलसालमच्या आसपास निघणाऱ्या या दगडात गार्नेटचे बारीक कण असतात, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे. उगाळलं की ते सुटे होतात आणि दगड झपाट्याने कापतो. पण वस्तरा धार पुढे ठेवून सरकतो, त्यामुळे तेच सुटे कण धारेच्या कडेवर आपटत राहतात. दाट स्लरीत बेव्हल झकास होते, कड मात्र गोलसर राहते. तुम्ही नेमके तिथेच थांबलात.

स्लरी पातळ करत जायचं. सुरुवात दुधाइतक्या दाट स्लरीने, एका बाजूला ३०-४० वेळा मागेपुढे, मग तेवढंच दुसऱ्या बाजूला. मनगटावरचे केस पूर्ण लांबीवर उडेपर्यंत हेच. मग बोट बुडवून दोन थेंब पाणी, १०-१२ फेऱ्या, पुन्हा दोन थेंब, असं दगडावर जवळजवळ स्वच्छ पाणी उरेपर्यंत. शेवटी दगड आणि वस्तरा दोन्ही नळाखाली धुऊन नुसत्या पाण्यावर ४०-५० फेऱ्या, वस्तऱ्याच्या वजनापलीकडे दाब नको. धार लागत आली की पुढे ढकललं जाणारं पाणी पात्यावर चढायला लागतं, तिकडे लक्ष ठेवा.

केस उडायच्या आधी पातळ करायला घेऊ नका. नुसत्या पाण्यावर कोटिक्यूल इतका सावकाश कापतो की राहिलेली कसर तिथे भरून निघत नाही. आणि स्लरी मध्येच सुकून घट्ट होते. आपल्याला वाटतं पातळ करतोय, प्रत्यक्षात आहोत तिथेच असतो.

निसणा
वरच्याशी सहमत, पण आधी एक विचारतो. वस्तऱ्याच्या पाठीवर टेप लावली होती का? दोन्ही दगडांवर?

पाटणकर_जुने
हजारवर एक थर होता, पाठ झिजू नये म्हणून. कोटिक्यूलवर काढून टाकली. बारीक दगड आहे, पाठ कितीशी झिजणार!

निसणा
मग दुखणं सापडलं. टेपचा थर साधारण ०.१५ मिमी धरा. ५/८ च्या वस्तऱ्यावर तेवढ्याने दोन्ही बाजू मिळून बेव्हलचा कोन सुमारे १ अंशाने वाढतो. टेप काढली की पातं किंचित आडवं होतं आणि दगडाला बेव्हलची फक्त मागची कड लागते, धार अधांतरी. दगड धारेपर्यंत पोचत नाही, पण स्लरीतले कण पोचतात. म्हणजे घासणं शून्य आणि मार चालू. म्हणून हजारवर होती ती धारही गेली.

खात्री करायला बेव्हलवर काळा मार्कर फिरवा आणि नुसत्या पाण्यावर दोन हात मारा. धारेलगत काळी रेघ उरली तर हेच कारण. फक्त टाचेला (मुठीकडे) किंवा टोकाला उरली तर पातं वाकडं आहे (जुन्या सोलिंगेनांत ते नवल नाही). तेव्हा टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढत जायचं, ४० मिमी रुंदीच्या दगडावर ते सोपं जातं. दगड सपाट आहे ना तेही बघा: पेन्सिलने जाळी आखायची, काचेवर ४०० चा वॉटर पेपर ठेवून सगळ्या रेघा जाईपर्यंत घासायचा.

सदाफुली
जपानी दगडाची घाई नको. क्योटोच्या कडक दगडावर मिकावा नागुराचे (स्लरी काढायचे छोटे दगड) बोतान, तेंज्यो, मेजिरो, कोमा असे टप्पे घेतात, त्यानंतर त्याच जातीच्या छोट्या दगडाची स्लरी. खर्च बराच जास्त, आणि टेपची ही चूक तिथेही अशीच नडेल.

पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही. वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा, उलटताना पाठीवरच फिरवायचा. पट्टा सैल सोडला तर झोळ पडतो आणि लागलेली धारही गोल होते. कापडावर २०, चामड्यावर ४०-५० फेऱ्या पुरतात.

पाटणकर_जुने
मार्कर लावून बघितलं, धारेलगत पूर्ण लांबीची काळी रेघ राहिली. पुन्हा हजारपासून सुरू करू का?

निसणा
धारेला खाच नसेल तर गरज नाही. तीच टेप, एकच थर लावून कोटिक्यूलच्या दाट स्लरीपासून सुरू करा. नुसत्या पाण्यावर जायच्या आधी टेप बदला, घासून पातळ झालेली असते. आणि पट्ट्यावर न्यायच्या आधी पाठीवरचा गोंद स्पिरिटने पुसा, नाहीतर तो चामड्याला चिकटतो.