मदत हवी आहे: नाताळसाठी लहान मुलांना टिकाऊ आणि काही शिकवेल अशी भेट (नागपूर)

सदरची_आत्या (१५ डिसेंबर, रात्री ११:४०)
लवकर मदत हवी आहे. दादाची मुलं नाताळला येताहेत. दरवर्षी झाडाखाली भेटी ठेवतो, २४ च्या रात्री उपासनेहून आल्यावर मुलं त्या उघडतात. मागच्या वर्षी बर्डीवरून रिमोटची गाडी आणली. नवीन वर्ष उजाडायच्या आत चाक निघालं, आणि दुकानदार म्हणाला खेळण्यांना गॅरंटी नसते. या वेळी तसलं काही नको. टिकलं पाहिजे, मुलांनी त्यातून काही शिकलं पाहिजे, प्लास्टिकचा ढीग नको. ऑनलाइन पाहिलं तर प्रत्येक खोक्यावर 'एज्युकेशनल' छापलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही. अधिवेशनामुळे झिरो माइलकडचे रस्ते तुंबलेले, ऑफिसातून बाजारात जायला एखादीच संध्याकाळ मिळेल. नेमकं काय घेऊ आणि कुठून?

वऱ्हाडी_भाऊ (रात्री ११:५२)
ताई, पोट्टे किती, केवढे, बजेट काय, हे तं सांगा पहिले. लहान म्हणजे रांगणारं का शाळेत जाणारं?

दोन_पोरांची_आई (१६ डिसेंबर, सकाळी ७:१०)
डोळे झाकून डुप्लो घ्या. लेगोच्याच कंपनीचे मोठे ठोकळे, लहान विटेच्या दुप्पट लांब, रुंद आणि उंच. पुढे मुलं लेगोवर गेली तरी हे वाया जात नाहीत, कारण दोन्ही एकमेकांत बसतात. माझ्या मोठ्याचे ठोकळे आता धाकटी खेळते, एकाचीही पकड सैल झालेली नाही. महाग आहेत, पण पैसे वसूल.

रंधा_पटाशी (सकाळी ७:३५)
त्यांनी प्लास्टिक नको म्हटलंय. लाकडाचे साधे ठोकळे द्या, बिनरंगाचे. अमेरिकेत कॅरोलिन प्रॅट यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मुलांसाठी जे ठोकळे बसवले, त्यांचं माप आजही बालशाळांमध्ये चालतं: लांबी साडेपाच इंच, रुंदी पावणेतीन, जाडी त्याच्या निम्मी. म्हणजे १:२:४. दोन अर्धे शेजारी लावले की एक पूर्ण होतो, दोन पूर्ण लावले की एक दुप्पट. अपूर्णांक हाताला कळतात, कुणी शिकवावे लागत नाहीत. पकडीचे ठोकळे एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तोल म्हणजे काय ते मुलाला कळतच नाही.

दोन_पोरांची_आई (सकाळी ७:४८)
तोल कळत नाही कसा? डुप्लोचा मनोरा एका बाजूला झुकवून बांधला की पडतोच. तुमची मुलं खेळली आहेत का त्याच्याशी?

सदरची_आत्या (सकाळी ९:०५)
तिघं आहेत. मोठा पहिलीत, मधली साडेतीनची. बजेट तिघांचं मिळून चार हजार. मोठ्याला मेकॅनिक्स घ्यायचा विचार आहे, पट्ट्या आणि नटबोल्टवालं. लहानपणी दादाकडे होतं, त्यातली क्रेन मला अजून आठवते.

मुलांचा_डॉक्टर (सकाळी ९:३०)
तिसऱ्याचं वय?

सदरची_आत्या (सकाळी ९:३३)
चौदा महिने. त्याचं काय, तो कशानेही खेळतो.

मुलांचा_डॉक्टर (दुपारी १:१५)
म्हणूनच विचारलं. या वयात हाती लागेल ते तोंडात जातं, आणि मोठ्या भावाची भेट धाकट्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. जो भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणजे तपासणी अधिक कडकच होते. नळीतून जे खाली पडेल ते बाळाच्या खोलीत नको. मेकॅनिक्सचा प्रत्येक नट त्यातून पडेल.

दोन गोष्टी तर घरातच आणू नका. एक, ज्याच्या बटण सेलचं झाकण नुसत्या नखानं उघडतं असं खेळणं. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून निघतं. दुसरी, सुटे छोटे लोहचुंबक. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग फाटतो. मी हे वाचून सांगत नाही, अशी मुलं पाहिली आहेत.

पोस्टातला (दुपारी १:४०)
खेळणी मोडतातच. मधल्या मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं उघडा, २५० रुपयांपासून उघडतं. खरी टिकाऊ भेट तीच.

इतवारीकर (दुपारी २:०२)
आत्याला ते खातं उघडता येत नाही, आईवडील किंवा कायदेशीर पालक लागतात. आणि साडेतीन वर्षांच्या पोरीनं नाताळच्या रात्री पासबुक उघडायचं का?

मुद्द्यावर येतो. काहीही घ्या, आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. शिक्क्यासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळतं का बघा. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी. इतवारीत ठोक दुकानांत भाव कमी मिळतो, पण तिथे बिनशिक्क्याचा मालही समोर टाकतात.

वऱ्हाडी_भाऊ (दुपारी २:२०)
लहान्यासाठी माझं ऐका. तान्ह्या पोळ्याले पोट्टे ओढतात तो चाकांवरचा लाकडी नंदी घ्या. चालायला लागलेल्या पोराले ओढाले दुसरं काय पाहिजे? आमच्या घरचा नंदी आजोबांच्या वेळचा हाय, शिंग एकदा बदललं, बाकी जसाच्या तसा. चितार ओळीत पाहा, मूर्तिवाल्यांच्या गल्लीत, नाही तर महाल भागात विचारा.

इतवारीकर (दुपारी २:३१)
त्यावर शिक्का कुठे असतो? आणि डिसेंबरात नंदी कोण ठेवतं, भाऊ? पोळा झाला की माल माळ्यावर जातो.

वऱ्हाडी_भाऊ (दुपारी २:४४)
माळ्यावरून काढून देतात, मागणारा पाहिजे. अन् हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराले त्या शिक्क्यातून सूट हाय. सगळं काही कारखान्यातच बनाले पाहिजे काय?

रंधा_पटाशी (दुपारी ३:१०)
दोघांचंही बरोबर आहे. सूट आहे, पण सूट म्हणजे रंग तपासलेला आहे असं नव्हे. नंदी घेताना उलटा करा आणि चाकाचा आस पाहा. लाकडी खुंटी आरपार जाऊन दोन्हीकडून पाचरीनं बसवलेली असेल तर घ्या. नुसता खिळा ठोकून वरून वायसर लावला असेल तर ठेवून द्या, चाक फिरून फिरून तो खिळा बाहेर येतो. ओला पांढरा रुमाल पाठीवर घासा, रंग उतरला तर नको. बिनरंगाचा मिळाला तर सगळ्यात चांगलं. आणि दोरी वीतभरच ठेवा, लांब दोरी गळ्यात अडकते.

मुलांचा_डॉक्टर (दुपारी ३:२५)
दोरीबद्दल अनुमोदन. शिंगांची टोकंही बोथट हवीत.

बालवाडीताई (दुपारी ४:००)
पुस्तकांचं कुणी नावच काढलं नाही! धाकट्याला जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, मधलीला मराठी चित्रपुस्तकं. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्तही असतात. वर्गात बघते ना, पालक लर्निंग लॅपटॉप घेऊन देतात, त्याचं बटण दाबलं की 'ए फॉर ॲपल' म्हणतो. मूल दहा वेळा दाबतं आणि उठून जातं. खेळणं जितकं कमी बोलतं, तितकं मूल जास्त बोलतं.

वर्धारोड (दुपारी ४:३५)
मोठ्याला वस्तू देण्यापेक्षा रमण विज्ञान केंद्रात न्या, गांधीसागरासमोर. तारांगणही आहे. सी. व्ही. रमण स्वतः काही काळ नागपुरात लेखा खात्यात नोकरीला होते, हे मुलांना सांगा. आणि ठोकळ्यांसाठी लाकूड बल्लारशाचं सागवानच घ्या. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आपल्या चंद्रपूरहूनच सागवान गेलं.

इतवारीकर (दुपारी ४:५०)
विषय खेळण्यांचा चालू आहे.

रंधा_पटाशी (संध्याकाळी ६:१५)
सागवानाचं मात्र खरं आहे. फर्निचरवाल्याकडे खिडक्यादारांचे उरलेले तुकडे पडून असतात, तेच पुरतात. पण सागाच्या कडांना कुसळं निघतात. म्हणून आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, आणि प्रत्येक कड अंगठा फिरवून तपासायची. वरून मधमाशीचं मेण, वॉर्निश नको. आत्याबाई, चाळीस ठोकळे मी करून देऊ शकतो, चार दिवस लागतील. लाकडाचे पैसे तेवढे द्या. मुलं राहतात कुठे?

सदरची_आत्या (संध्याकाळी ६:४०)
पुण्याला. २९ ला विमानानं परत जातील. का?

रंधा_पटाशी (संध्याकाळी ६:५५)
कारण त्या मापाचा सागाचा एक ठोकळा पाव किलोच्या थोडा आत भरतो. चाळीस म्हणजे जवळपास नऊ किलो, आणि विमानात माणशी १५ किलो सामान.

दोन_पोरांची_आई (संध्याकाळी ७:०२)
म्हणूनच मी डुप्लो म्हणत होते. आणि मेकॅनिक्स घेतलंत तर ते सामानात टाका, त्यातला स्क्रू ड्रायव्हर हातातल्या बॅगेत अडवतात.

बालवाडीताई (संध्याकाळी ७:२०)
ठोकळे न्यायचेच कशाला? ते आत्याच्या घरचे राहू देत. मुलं दिवाळीत येतील, उन्हाळ्यात येतील, दर वेळी वेगळं काही बांधतील. आज मधली रांग लावेल, पुढच्या वर्षी पूल करेल. तिघांत मिळून एक मोठी भेट, आणि झाडाखाली प्रत्येकाच्या नावाचं एक हलकं पाकीट, जे पुण्याला जाईल. मोठ्याला चांगल्या काचेचं भिंग द्या, त्याला नटबोल्ट लागत नाहीत आणि ते खिशात मावतं.

सदरची_आत्या (रात्री ९:३०)
हे पटलं. मला तिघांना तीन मोठी खोकी द्यायची होती, कारण मुलं एकमेकांची मोजतात. पण ठोकळे इथेच राहिले तर ती इथे येण्याची वाट पाहतील, मला तेच हवं आहे. दादालाही सांगितलं, तो म्हणाला मेकॅनिक्स धाकटा तीन वर्षांचा झाल्यावर घे.

रंधा_पटाशी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. चाळीस नकोत, तीस करा, पण त्यात दहा तरी अर्धे असू देत, मधलीचे हात लहान आहेत. मोठ्याला भिंग, मधलीला दोन चित्रपुस्तकं, धाकट्याला पुठ्ठ्याचं पुस्तक आणि नंदी. उद्या संध्याकाळी महालात जाते. भाऊ, चितार ओळीत नेमकं कुठल्या बाजूला विचारू?

वऱ्हाडी_भाऊ (रात्री ९:४१)
बडकस चौकाकडून शिरा. मूर्तिवाल्यांनाच विचारा, ते सांगतील कोणाकडे ठेवणीतला माल हाय. सातच्या आधी जा ताई, थंडीत दुकानं लवकर आवरतात. रुमाल पांढरा न्या.