सुधाकरचा ‘स्वभावदोष’ शोधायला लावणे म्हणजे शोकांतिका शिकवणे आहे का?

करवीरचा_मराठी_शिक्षक

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गाला मराठी नाटक शिकवतो. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ शिकवून झाले की दरवर्षी एकच प्रश्न फळ्यावर येतो : ‘शोकात्म नायक म्हणून सुधाकरचे स्वभावचित्र रेखाटा.’ उत्तरही ठरलेले असते. वकील सुधाकर बुद्धिमान आहे, प्रेमळ आहे, पण मानी आणि तापट आहे. मानीपणा हा त्याचा स्वभावदोष. त्या दोषापायी तो दारूकडे वळला आणि संसाराची राखरांगोळी झाली. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांबद्दल हेच उत्तर ‘अतिविश्वास’ हा शब्द घालून लिहिले जाते आणि शेक्सपिअरच्या लिअर राजाबद्दल ‘अहंकार’ हा शब्द घालून. तीन वेगळ्या नाटकांना एकच साचा चालतो आणि गुणही मिळतात.

माझे मत असे आहे की हा प्रश्न वर्गातून काढून टाकावा. या पद्धतीचे खापर आपण ॲरिस्टॉटलवर फोडतो, पण ज्यांनी विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणलेले त्याचे काव्यशास्त्र वाचले आहे, त्यांना ठाऊक आहे की तो शोकांतिकेत कथानकाला पहिले स्थान देतो आणि स्वभावाला दुसरे. त्याच्या आवडत्या उदाहरणाकडे, म्हणजे सोफोक्लीजच्या ‘इडिपस’कडे पाहावे. बापाची हत्या आणि आईशी विवाह हे दोन्ही नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेले असते. रंगमंचावर इडिपस करतो ती फक्त चौकशी. नगरावर रोगराईचे संकट आहे, राजा म्हणून त्याचे कारण शोधणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ते तो इतक्या निष्ठेने पार पाडतो की शेवटी सत्य त्याच्याच दारात येऊन उभे राहते. जी गोष्ट त्याच्यात सर्वांत चांगली आहे तीच त्याला खड्ड्यात नेते. अशा माणसाच्या नावापुढे ‘दोष’ असा रकाना आखला की नाटक हातातून निसटते.

मी वर्गात विचारू पाहतो तो प्रश्न वेगळा आहे : या माणसाने कोणत्या क्षणी कोणता निर्णय घेतला, त्या क्षणी त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता का, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? सहकाऱ्यांचे मत याहून वेगळे आहे. म्हणून चर्चेसाठी हे येथे मांडत आहे.

निवृत्त_अध्यापक

सर, आपली तळमळ समजते, परंतु मी ठामपणे विरुद्ध बाजूचा आहे.

पहिली गोष्ट वर्गाची. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतून येणारी अनेक मुले घरातील पहिली पदवीधर होणारी पिढी असते. त्यांनी संगीत नाटक रंगमंचावर पाहिलेले नसते. ज्या पॅलेस थिएटरची उभारणी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये केली आणि जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले, तेथेही ही मुले क्वचितच गेली असतील, आणि ऑगस्ट २०२४ च्या आगीने तर ते दारच बंद केले. गडकऱ्यांची अलंकारांनी ओथंबलेली भाषा वाचताना या मुलांची दमछाक होते. त्यांना नाटकात शिरण्यासाठी काहीतरी धरायला हवे, आणि माणसाचा स्वभाव हे धरायला सर्वांत सोपे आहे, कारण माणसे त्यांनी घरीदारी पाहिलेली असतात.

दुसरी गोष्ट इडिपसची. तिठ्यावर एक वृद्ध, म्हणजे त्याचा न ओळखलेला बापच, रथातून येतो, वाटेवरून बाजूला हो म्हणतो, हात उगारतो, आणि हा तरुण संतापाच्या भरात त्याला आणि त्याच्या माणसांना ठार करतो. ही हकिगत नाटकात इडिपस स्वतःच्या तोंडाने सांगतो. तोच संताप अंध द्रष्टा टायरेसियस याच्याशी बोलताना दिसतो, मेहुणा क्रिऑन याच्याशी बोलताना दिसतो. तेव्हा स्वभाव नाटकाबाहेर नाही, तो संहितेत ठायी ठायी लिहिलेला आहे. शोकात्म नायक सर्वगुणसंपन्न नसावा आणि दुष्टही नसावा, त्याच्या हातून घडलेल्या प्रमादाने त्याचा पात व्हावा, हे ॲरिस्टॉटलनेच म्हटले आहे. शिक्षकांनी हे मनाने रचलेले नाही.

निर्णय आभाळातून पडत नाहीत. ज्याचा जसा पिंड, तसा त्याचा निर्णय. न्यायालयातील अपमान आणि सनद काही काळापुरती हिरावली जाणे हे इतर वकिलांच्याही वाट्याला आले असते. सारेच काही प्याला जवळ करत नाहीत. सुधाकर करतो. त्याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधायचे नाही, तर कोठे शोधायचे?

इंग्रजी_विभाग

हा वाद इंग्रजी समीक्षेत होऊन गेलेला आहे, म्हणून थोडी भर घालतो. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या चार शोकांतिकांवरील व्याख्याने प्रसिद्ध केली आणि नाटकातील कृती पात्राच्या स्वभावातूनच उगवते ही दृष्टी वर्गावर्गांत रुजली. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी ‘लेडी मॅकबेथला मुले किती होती?’ अशा शीर्षकाचा निबंध लिहून या रीतीवर बोट ठेवले : नाटकातील पात्र हे शेजारच्या घरातील माणूस नव्हे, ते शब्दांनी घडलेले आहे, आणि संहिता जे सांगत नाही ते विचारण्यात अर्थ नाही. मी स्वतः नाइट्स यांच्या बाजूने झुकतो, परंतु त्यांच्या वाटेने गेलेले काही वर्ग प्रतिमांची मोजदाद करत बसले आणि रंगमंचावर कोणी माणूस दुःख भोगतो आहे हेच विसरले, हेही नमूद करायला हवे.

दोष शोधण्याची रीत सर्वांत उघडी पडते ती सोफोक्लीजच्याच ‘अँटिगनी’मध्ये. भावाच्या प्रेताला मूठमाती देणे हा बहिणीचा धर्म आहे. नगरावर चालून आलेल्या त्याच भावाला तो मान नाकारणे हा क्रिऑनला राजाचा धर्म वाटतो. दोघांच्या बाजूला काही सत्य आहे, म्हणूनच ते नाटक अंगावर येते. तेथे ‘अँटिगनीचा दोष हट्टीपणा’ असे लिहून घेणारा शिक्षक तिच्या कृतीचा अर्थच पुसून टाकतो.

गडहिंग्लजची_वाचक

मी प्राध्यापक नाही. मराठी विषय घेऊन पदवी घेतली आणि आता नोकरी करते. या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या वर्गात ‘एकच प्याला’ होते. माझे वडील पीत असत. शिक्षकांनी सुधाकरचे मन फार सुंदर उलगडून दाखवले : त्याचा मान, त्याची बुद्धी, त्याचा पश्चात्ताप. त्यानंतर त्याच्या बायकोवर, सिंधूवर आले आणि तिला आदर्श पतिव्रता म्हणून आमच्यापुढे ठेवले. श्रीमंत माहेराची मदत नाकारून ती दळण दळते, मूल नवऱ्याच्या हातून जाते, आणि स्वतः मरणाच्या दारात असताना ती नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटी जबानी देते. हे सारे वर्गात कौतुकाच्या स्वरात वाचले गेले. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही, मला राग आला होता आणि तो व्यक्त करायला त्या तासाला जागा नव्हती.

त्यामुळे सर, तुम्ही सुधाकरच्या दोषाचा प्रश्नच काढून टाकणार म्हणता तेव्हा मला भीती वाटते. दोष विचारला नाही, तर त्या मुलाच्या मृत्यूचा जाब कोणाला विचारायचा? परिस्थितीला, नियतीला, की त्याला पहिला प्याला देणाऱ्या तळीरामाला? ज्या घरांत हे घडते तेथे हीच कारणे रोज ऐकवली जातात. निदान साहित्याच्या वर्गात तरी ती पुरेशी मानली जाऊ नयेत.

करवीरचा_मराठी_शिक्षक

ताई, तुमच्या उत्तरामुळे मला माझा मुद्दा अधिक नेमका मांडावा लागतो आहे आणि तो तुमच्या बाजूचाच आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

‘मानीपणा हा त्याचा दोष’ असे म्हटले की सुधाकर सुटतो. दोष म्हणजे त्याच्यासोबत जन्माला आलेली गोष्ट. ती होतीच, म्हणून पुढचे घडले, असे उत्तर तयार होते. काठी उगारणारा हात त्या उत्तरात दिसतच नाही. उलट ‘त्या क्षणी त्याच्यापुढे काय होते आणि त्याने काय निवडले’ असे विचारले की प्रत्येक प्रवेशात त्याला उत्तर द्यावे लागते. रामलालसारखा मित्र होता, त्याच्याकडे तो का गेला नाही? सिंधूला मनातले का सांगितले नाही? तळीरामाचेच का ऐकले? हे प्रश्न संहितेतूनच उठतात आणि त्यांची उत्तरेही संहितेतच शोधावी लागतात. परिस्थितीकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय त्यात राहत नाही.

सिंधूच्या बाबतीतही तसेच. तिला आदर्श म्हणून पुढे ठेवणे हे स्वभावचित्राच्या प्रश्नाचेच दुसरे टोक आहे : त्याला दोष चिकटवायचा, तिला गुण चिकटवायचा. तिची खोटी जबानी ही एक कृती आहे. ती प्रेमातून आली, संस्कारातून आली, की विधवेचे जिणे डोळ्यांपुढे आल्यामुळे आली, हा प्रश्न वर्गात मोकळा ठेवला, तर तुमच्या रागालाही त्या तासाला जागा मिळाली असती.

इंग्रजी_विभाग

त्या जबानीबद्दल एक जोड देतो. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील डेस्डेमोना नवऱ्याच्या हातून मरताना, हे कोणी केले असे विचारल्यावर, नवऱ्याचे नाव घेत नाही, स्वतःवरच घेते. देवलांनी केलेल्या त्याच्या मराठी रूपांतरामुळे, ‘झुंझारराव’मुळे, १८९० पासून मराठी प्रेक्षकाला ते कथानक परिचयाचे होते. दोन्ही प्रसंग एकाच तासाला शेजारी ठेवून वाचले, तर ‘आदर्श’ हा शब्द विद्यार्थी आपणहून बाजूला ठेवतात असा माझा अनुभव आहे, कारण डेस्डेमोनाला कोणी त्यांना आदर्श म्हणून शिकवलेले नसते.

हौशी_रंगकर्मी_मंगळवार_पेठ

वर्गाचा मला अधिकार नाही, तालमीचा आहे. आमच्या मंडळात ‘एकच प्याला’तील प्रवेश बसवताना सुधाकर करणाऱ्या मुलाने पहिल्या दिवसापासून मानी माणूस उभा केला : छाती पुढे, मान ताठ, आवाज चढा. पहिल्या प्याल्याच्या प्रवेशात तो सपशेल पडला. तळीराम काय बोलतो आहे हे तो ऐकतच नव्हता, कारण आपण पिणार हे त्याला आधीच ठाऊक होते. दिग्दर्शिकेने त्याला एकच सूचना दिली की प्रत्येक वाक्यागणिक नकार द्यायची तयारी ठेव. त्यानंतर तळीरामाचे प्रत्येक वाक्य त्याला लागू लागले, हात दोनदा पुढे येऊन मागे गेला, आणि तालमीला बसलेले आम्ही सारे, शेवट पाठ असूनही, तो पिणार नाही अशी आशा करू लागलो. गडकऱ्यांनी तो प्रवेश त्या आशेवर रचला आहे. दोषाचे नाव आधी सांगणारा शिक्षक ती आशाच काढून घेतो.

आणखी एक. बालगंधर्वांनी सिंधू उभी केली, गणपतराव बोडसांनी सुधाकर. १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर, हे नाटक रंगभूमीवर आले आणि सिंधूची पदे घरोघर गेली. आपल्या मनातील सोशिक सिंधू त्या सुरांतूनही घडलेली आहे. तिची वाक्ये गाण्यांशिवाय, साध्या आवाजात वाचून पाहावीत. ती अनेक ठिकाणी वाटते त्याहून कठोर आहे.

निवृत्त_अध्यापक

रंगकर्मींचा मुद्दा मनापासून पटला आणि ताईंचे लिहिणे तर मी दोनदा वाचले. तरीही मूळ मतभेद कायम आहे, आणि तो असा.

सर निवडीवर सारा भार टाकतात. परंतु गडकऱ्यांनी दाखवले आहे ते नेमके निवड संपत जाण्याचे दृश्य. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागायला जातो, जुन्या ओळखीची माणसे त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्यानंतरच्या सुधाकरला ‘तुझ्यापुढे कोणता मार्ग होता’ असे विचारणे निष्ठुरपणाचे ठरते. व्यसन ही काय चीज आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते कळेल. मग पहिल्या प्याल्याचा तेवढा जाब विचारायचा का? तसे केले, तर पुन्हा त्याच्या मानी स्वभावाशीच येऊन पोहोचतो, कारण त्या वेळी त्याच्याजवळ दुसरे काही तुटलेले नव्हते.

आणि दोष ठाऊक असला की करुणा आटते, हे मला मान्य नाही. संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंग’मधील दुर्योधनाचे सारे दोष आपल्याला महाभारतातून पाठ आहेत. तरीही त्याचा लहानगा दुर्जय मांडीवर बसायला येतो आणि भग्न मांड्यांमुळे बापाला त्याला जवळ घेता येत नाही, तेथे वाचणाऱ्याचा कंठ दाटतो. दोषांसकट माणसावर जीव लावायला शिकवणे हेही साहित्याच्या वर्गाचेच काम आहे. म्हणून स्वभावचित्राचा प्रश्न राहू द्यावा. फक्त त्याचे तयार उत्तर स्वीकारू नये.

करवीरचा_मराठी_शिक्षक

सर, काम मागण्याच्या प्रवेशाचा आपला मुद्दा माझ्या मांडणीतील कच्ची बाजू दाखवतो, आणि त्याला माझे उत्तर असे की त्या प्रवेशात निवड सुधाकरची नसून दार लावून घेणाऱ्यांची आहे. ‘किंमत कोणी मोजली’ याच्या जोडीला ‘दार कोणी लावले’ हेही विचारायला हवे, आणि ते स्वभावचित्राच्या प्रश्नात बसत नाही, कारण ती माणसे नाटकात क्षणभर येतात आणि त्यांचे स्वभावचित्र कोणी विचारत नाही. दुर्योधनाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे.

यंदाच्या अंतर्गत परीक्षेला मी असा प्रश्न ठेवणार आहे : ‘पहिला प्याला हाती घेण्यापूर्वी सुधाकरपुढे कोणते मार्ग होते, आणि दारू सोडल्यानंतर त्यांपैकी कोणते उरले होते? संहितेच्या आधारे लिहा.’ गाईडमध्ये याचे उत्तर नाही. सिंधूवरचा प्रश्न कसा विचारावा हे ताईंनी सुचवावे.

गडहिंग्लजची_वाचक

सिंधूवर एकटीवर विचारू नका, सर. तळीरामाची बायको गीता हिला सोबत घ्या. दारुड्याच्या घरातील दोघी बायका, एक सोसते आणि दुसरी तोंडावर बोलते. आमच्या वर्गात गीतेचे प्रवेश ‘विनोदी भाग’ म्हणून गाळून पुढे गेले होते. ‘सिंधू जे बोलत नाही ते गीता कोठे बोलते?’ असा प्रश्न ठेवा आणि तिचे प्रवेश वर्गात मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या.