मुलीला मोटारसायकलवर पुढे बसवावं की मागे?

ओवीची आई

मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गाडी तिचे बाबा चालवतात आणि ती टाकीवर, त्यांच्या पुढ्यात बसते. समोरचं सगळं दिसतं म्हणून ती खूश असते. सासरे म्हणतात, लेकरू डोळ्यांसमोर असलेलं बरं. मागे बसून डुलकी लागली तर कळणार कुणाला? त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही, पण ती पुढे बसून गेली की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मागे बसवून पाहिलं तर पाय फुटरेस्टपासून चार बोटं वर राहतात. हेल्मेटही घ्यायचंय. जाऊबाई म्हणतात थोडं मोठंच घे, दोन-तीन वर्षं निघतील. कुणी अनुभवी नीट सांगेल का?

क्लच आणि ब्रेक

ताई, मी मोटारसायकल चालवायला शिकवतो. टाकीवर नको. उद्यापासून नाही, आजपासूनच नको.

कारण सांगतो, म्हणजे घरी समजावता येईल. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबू लागते, पण चालवणाऱ्याचं साठ-सत्तर किलोचं अंग पुढेच जात असतं. एरवी तो हँडलला हात रेटून आणि टाकीला गुडघे आवळून स्वतःला सावरतो. मधे मूल असलं की तो सगळा भार त्याच्या पाठीवर येतो, आणि समोर असतो हँडलचा लोखंडी जोड. छाती नाहीतर तोंड त्यावर आपटतं. बाबांनी दोन्ही हातांच्या मधे घेतलंय असं दिसतं खरं, पण ते हात हँडलवर गुंतलेले असतात, तिला धरायला मोकळे नसतात. शिवाय पुढे बसलेलं मूल आरसा धरतं, वेग वाढवणाऱ्या उजव्या मुठीवर हात ठेवतं, आणि आखूड वळणावर त्याचेच गुडघे हँडलच्या आड येतात. स्कूटरवर पुढे उभं करतात त्यालाही हे सगळं लागू आहे.

आता पाय. मी वय विचारतच नाही, पाय बघतो. मागे दोन्हीकडे पाय टाकून बसल्यावर तळवे फुटरेस्टवर सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. ब्रेक लागला की मागचा माणूस हातांपेक्षा पायांनी सावरतो. खड्डा आला की पायांवर भार देऊन किंचित उठता येतं. लोंबकळणाऱ्या पायाला यातलं काही जमत नाही. तो चाकाकडे, चेनकडे जातो किंवा तापलेल्या सायलेन्सरला टेकतो. पोटरीवरचे असे भाजल्याचे डाग मी पुष्कळ मुलांच्या पायांवर पाहिलेत.

चार बोटांचा फरक असेल तर फ्रेमवर बोल्टने बसणारे, उंच केलेले फुटरेस्ट लावता येतात. लाकडाचा ठोकळा बांधणं वगैरे अजिबात नको. ते जमत नसेल तर पाय पोचेपर्यंत थांबा. मुलीला वाईट वाटेल, वाटू द्या.

सासऱ्यांची डुलकीची भीती खरी आहे. इंजिनच्या एकसारख्या घरघरीने मुलं पेंगतात आणि मान पडायच्या आधी पकड सुटते. म्हणून झोपेच्या वेळी आणि पोटभर जेवल्यावर लगेच निघायचं नाही, लांब पल्ल्याला तर नेऊच नका.

मान आणि मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हेल्मेटपुरतंच लिहिते. मोठं हेल्मेट घेऊच नका. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याची वाढ बहुतेक झालेली असते. यापुढे घेर वर्षाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मोठं घेऊन हाती काही लागत नाही, आणि ढिलं हेल्मेट नेमकं पडतानाच डोक्यावरून निसटतं.

भुवयांच्या किंचित वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून माप घ्या आणि दुकानात तिला घेऊनच जा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेखाली बोटं घाला आणि पुढे ढकला. डोक्यावरून निघालं तर ते तिचं नव्हे. पट्ट्यात दोनच बोटं मावावीत.

वजन हातात घेऊन बघाच. मोठ्यांचं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट दीड किलोच्या आसपास असतं. या वयात डोकं मोठं पण मानेचे स्नायू कोवळे, त्यामुळे लहानांसाठी बनवलेलं, एक किलोच्या जवळपासचं घ्या. सायकलचं हेल्मेट चालणार नाही, ते इतक्या वेगासाठी बनवलेलंच नसतं. आतमध्ये आयएस ४१५१ (भारतीय मानक) किंवा ईसीई २२.०६ (युरोपीय मानक) ची खूण असावी. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (यात अनेक अभ्यास एकत्र तपासले जातात) हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांचा मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. पण त्यासाठी हेल्मेट नीट बसणारं आणि पट्टा लावलेलं हवं.

नियमावली

कायद्याचं थोडक्यात. भारतात २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला: चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा हार्नेस (पट्ट्यांचं जाकीट), नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, आणि अशा वेळी वेग ४० च्या वर नाही. चार वर्षांवरच्यांना हेल्मेट सक्तीचं आहेच. इटलीत पाच वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताच येत नाही. स्पेनमध्ये मर्यादा १२ वर्षं, आई-वडिलांसोबत सात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये आठ वर्षं, आणि तिथे पाय फुटरेस्टवर टेकले पाहिजेत असंही नियमात लिहिलंय.

ओवीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना ब्रेकचं वाचून दाखवलं, ते गप्प झाले आणि मग म्हणाले, उंच फुटरेस्ट मिळतात का बघा. एक शंका राहिली. डुलकीच्या भीतीने तिला हार्नेसने बांधलं आणि गाडीच पडली, तर ती बाबांबरोबर ओढली जाणार नाही का?

क्लच आणि ब्रेक

जाईल, ते खरंय. हार्नेस पेंगण्यासाठी आणि धक्क्यासाठी आहे, अपघातात तो कारच्या सीट बेल्टसारखा वाचवत नाही. म्हणून तो घेतला तरी वेग कमीच ठेवायचा, आणि एका दाबात सुटणारं बकलच घ्यायचं. ते सोडायचा सराव तिच्याकडूनही करून घ्या. ती जागी राहते याची खात्री झाली की बाबांच्या कमरेला धरायच्या मुठी असलेला पट्टा लावा. शर्ट धरून बसणं म्हणजे काहीच न धरणं.

सुरुवात रिकाम्या मैदानात करा. बाबांनी आधी बसून दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, हो म्हटल्यावरच तिने चढायचं, सायलेन्सर नसलेल्या बाजूने. वळताना तिने बाबांच्या वळणाच्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे अंग आपोआप बरोबर झुकतं. बाबांच्या पाठीवर तिची एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. दोन थापांना दर वेळी खरंच थांबायचं, कारण काहीही असो. दप्तर तिच्या पाठीवर नको, ते तिला मागे खेचतं. बंद बूट, लांब पँट, आणि ओढणी किंवा मफलर लोंबता ठेवू नका. हेल्मेट एकदा पडताना आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला.