मदत हवी आहे: लेकीच्या इंजिनिअरिंगचा पसंतीक्रम. पुण्यातलं एआय, सोलापूरचं कॉम्प्युटर की कराडचं इलेक्ट्रिकल?

अबोली_बार्शी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच आणि तेही घाईत. कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला चारच दिवस राहिलेत.

आम्ही बार्शीचे. यजमानांचं पत्र्याच्या कोठ्या-पेट्यांचं दुकान आहे, मी अंगणवाडी सेविका. थोरली लेक यंदा बारावी झाली. दहावी बार्शीत, अकरावी-बारावी लातूरला हॉस्टेलवर राहून. सीईटीला ९१.६ पर्सेंटाइल (पीसीएम). ओबीसी, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मुदतीतला आहे, जात पडताळणी झालेली आहे. उत्पन्नाचा दाखला साडेतीन लाखांच्या आतला. घरात याआधी कुणी इंजिनिअरिंग केलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

बारा हजार रुपये देऊन एका काउन्सेलरकडून यादी करून घेतली. चाळीस कॉलेजं आहेत. पहिल्या नंबरला पुण्याच्या बाहेरच्या बाजूचं एक खाजगी कॉलेज, शाखा एआय अँड डेटा सायन्स. ते आम्ही बघूनही आलो. रविवारीच जमत होतं म्हणून रविवारी गेलो. स्वागताला फाइल दिली, एसी हॉल दाखवला, मग लॅब दाखवली. मॉनिटरवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. "नवीन लॅब आहे," म्हणाले. लेक मला हळूच म्हणाली, "आई, खुर्च्यांवरपण प्लास्टिकच आहे." शिकवणारं कुणी भेटलं नाही. गेटवर मात्र ४२ लाखांच्या पॅकेजचा मोठा फ्लेक्स होता.

दुसरा पर्याय सोलापूरचं एक खाजगी कॉलेज, कॉम्प्युटर. लेक शनिवार-रविवार घरी येऊ शकेल. तिसरा कराडचं सरकारी कॉलेज. तिथे कॉम्प्युटर-आयटी आवाक्यात दिसत नाही. इलेक्ट्रिकल काठावर, सिव्हिल बहुधा मिळेल.

लेक स्वतः कॉम्प्युटरच म्हणते, कारण लातूरच्या सगळ्या मैत्रिणी तेच म्हणतायत. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मे महिन्यात शेतातली मोटर सुरू होईना, तेव्हा ही काकाबरोबर स्टार्टर उघडून दोन तास उन्हात बसली होती. नो-व्होल्ट कॉइल जळालीय हे तिनेच मीटर लावून सांगितलं आणि नवीन कॉइल आणून बसवली. मोटर चालू झाली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही. पण एवढ्यावरून मुलीला इलेक्ट्रिकलला घालावं का, हेही मला समजत नाही. नणंद म्हणते, "खांबावर चढवणार आहेस का पोरीला?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यादीवर विश्वास ठेवावा का? बाहेरून बघून कॉलेज चांगलं की वाईट कसं ओळखायचं? आणि मुलींना सगळं मोफत झालं असं ऐकतो, मग पुण्याच्या कॉलेजने फोनवर ३८ हजार भरायला का सांगितले?

---

माणदेशी

ताई, यादीतला एक मुद्दा आधी बघा, बाकी सगळं नंतर. काउन्सेलरने होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशासाठी लेकीचं "आपलं" धरलं जाणारं विद्यापीठ, कुठली धरली आहे?

तुम्ही राहता बार्शीत, पण लेक बारावी लातूरहून झाली. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून पास झाली त्यावर ठरते, घराच्या पत्त्यावर नाही. म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी सोलापूर नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ.

आता गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडा. तिथे एलओबीसीएच, एलओबीसीओ, एलओबीसीएस असे रकाने दिसतील. पहिला एल म्हणजे मुलींची जागा. शेवटचं अक्षर महत्त्वाचं: एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यपातळी. सोलापूरच्या कॉलेजसाठी तुम्ही एचचा आकडा बघून "मिळेल" म्हणत असाल तर तो तुमच्या लेकीचा आकडाच नाही. तुम्हाला ओ बघायचा. पुण्यालाही ओच. एच फक्त लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांना लागू.

माझ्या भाचीच्या वेळी हीच चूक झाली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच लागलं नाही, घरात रडारड. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

---

अबोली_बार्शी

बाप रे. आत्ता काढून बघितलं. यादीत सगळीकडे सोलापूर धरलंय. बारा हजार घेऊन त्यांनी बारावीची मार्कशीटसुद्धा बघितली नाही. दादा, तुमचे उपकार झाले.

---

रात्रपाळी

फीबद्दल. मी एका कॉलेजच्या कार्यालयात आहे, रोज हेच काम करते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. विनाअनुदानित खाजगी कॉलेजही यात येतं. मात्र संस्था पातळीवरच्या जागा, म्हणजे ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्या यात नाहीत. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही नाहीत. नावात "युनिव्हर्सिटी" दिसलं की थांबा आणि विचारा.

पण "शिक्षण शुल्क" म्हणजे पूर्ण फी नव्हे. विकास शुल्क वेगळं असतं, ते माफ नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकलं की मंजूर फीचे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग दिसतात. ३८ हजारांपैकी विकास शुल्क किती, बाकीचं कशाचं, हे फोनवर नाही, लेखी मागा. बस, "ट्रेनिंग", ब्लेझर असलं काही त्यात घुसवलंय का बघा. कॉलेज कॅपमधलं असेल तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

कॉलेजचं हॉस्टेल मिळालं नाही तर इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघून ठेवा. प्रवेश झाल्यावर महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा) फॉर्म भरायला अजिबात उशीर करू नका. दरवर्षी मुली आधार-बँक लिंकपाशी अडकतात. बँकेत आत्ताच जाऊन या.

---

खडू_फळा

तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. तुमच्या लेकीने खुर्च्यांवरचं प्लास्टिक पाहिलं ना, कॉलेज असंच बघायचं असतं. फक्त रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी, दुपारी दोन-अडीचला जा. त्या वेळी प्रॅक्टिकल चालू असायला हवीत. लॅबबाहेर थांबून एखाद्या मुलाला जर्नल दाखवायला सांगा. सह्या आणि तारखा बघा. सहा प्रयोगांवर एकाच दिवशी एकाच पेनाने सह्या असतील तर ते प्रयोग झालेले नाहीत.

शिक्षकांचं तर फार महत्त्वाचं आहे. एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचा, नियम वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. पूर्वी एका शाखेला जागांची कमाल मर्यादा होती, २०२४-२५ पासून ती उठली. त्यामुळे कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा काही ठिकाणी दोन वर्षांत दुप्पट-तिप्पट झाल्या, तेवढे शिक्षक मात्र आले नाहीत. कॉलेजच्या साइटवर मँडेटरी डिस्क्लोजर नावाचं पान असतं. त्यातली त्या शाखेच्या शिक्षकांची यादी काढा, नावं मोजा, रुजू झाल्याची तारीख असेल तर तीही बघा. निम्मे लोक गेल्या जुलैतलेच असतील तर पुढच्या जुलैत तेही नसतील. हे मी आतून पाहिलेलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण भोगतात ती पहिल्या पिढीचीच मुलं. त्यांच्या घरात हे प्रश्न विचारायचे असतात हेच कुणाला माहीत नसतं.

नॅक आणि एनबीए या दर्जाच्या मान्यता. नॅक संपूर्ण संस्थेला असतं, एनबीए शाखेला. "आम्ही एनबीए" म्हणतील, तेव्हा कुठल्या शाखेला ते विचारा. दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय शाखेला एनबीएसाठी अर्जच करता येत नाही. त्यामुळे नवीन शाखेला नसेल तर तो दोष नाही, पण जुन्या मेकॅनिकलचं एनबीए दाखवून नवीन एआय विकत असतील तर तो नक्की दोष आहे.

आणि ४२ लाखांचा फ्लेक्स विसरा. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजला स्वतः भरलेली माहिती आपल्या साइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मीडियन पगार किती, हे असतं. एकाच्या ४२ लाखांपेक्षा मधल्या मुलाला काय मिळालं ते बघा.

---

रिले_टेस्टर

ताई, मी इलेक्ट्रिकलची, तासगावकडची, बारा वर्षं झाली नोकरीला. खांबावर एकदाही चढले नाही. सबस्टेशनमधले प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारी उपकरणं, तपासायचं काम करते. लॅपटॉप, टेस्ट किट आणि हेल्मेट एवढंच सामान. उन्हात उभं राहावं लागतं, कधी रात्री शटडाउन मिळतो, हे खरं आहे आणि ते लेकीला आधीच सांगा. पण दोष नेमका कुठे होता हे सापडल्यावर जे वाटतं ना, ते तिने त्या स्टार्टरपाशी अनुभवलेलं आहे. मला तर वाचताना माझीच दहावीची सुट्टी आठवली.

कोडिंगचा रस्ता बंद होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या शाखेचा मायनर (जोडीचा दुय्यम विषय) घेता येतो. कराडला कुठले मायनर आहेत ते मात्र तिथेच विचारा.

---

माणदेशी

रिले_टेस्टर ताईंचं पटतं, तरी दुसरी बाजूही मांडतो. पोरीचं मन कॉम्प्युटरवर असेल तर एका कॉइलवरून आपण मोठ्यांनी ठरवू नये. चार वर्षं अभ्यास तिला करायचाय. तिला नेऊन दाखवा आणि यादी तिच्याच हाताने करू द्या.

पसंतीक्रम कटऑफच्या उतरंडीने लावू नका, मनाच्या ओढीने लावा. अवघड कॉलेज वर ठेवलं म्हणून खालचं हुकत नाही. पण २०२५-२६ च्या प्रवेशांपासूनचा नियम लक्षात घ्या: पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी लागली तरी तेच. तो प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांना मुकाल. म्हणून पहिल्या सहांत "असू दे" म्हणून एकही नाव टाकायचं नाही.

---

अबोली_बार्शी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल आम्ही दोघी कराडला जाऊन आलो. पहाटेची एसटी धरली, पोचेपर्यंत दुपारच झाली, ते बरंच झालं.

खडू_फळा सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. मशीन लॅबच्या दाराशी उभ्या होतो. आत चार-पाच मुलं-मुली एका मोठ्या मोटरभोवती, एकजण आकडे वाचतोय, एक मुलगी वहीत लिहितेय. यंत्रं जुनी आहेत, रंग उडालेला, पण वायरिंग सगळं वापरातलं दिसत होतं. प्लास्टिक कुठेच नाही. त्या मुलीने जर्नल दाखवलं. वेगवेगळ्या तारखा होत्या, दोन ठिकाणी लाल पेनाने "पुन्हा करा" लिहिलेलं. लेकीने तिला काय काय विचारलं देव जाणे, अर्धा तास बोलत होत्या. शेवटी एका सरांनी आत बोलावलं आणि म्हणाले, "स्टार्टर कुठला होता, डीओएल का स्टार-डेल्टा?" ही म्हणाली, "डीओएल." मला त्यातलं काही कळलं नाही, पण ती ताठ उभी राहून बोलत होती.

परत येताना पंढरपूरपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "कॉम्प्युटर सोडायचं नाही मला, पण पुण्याचं ते नको."

रात्री तिने यादी स्वतः केली. जिथे जो लागतो तो रकाना बघून, चाळीसची सव्वीस झाली. वर दोन ठिकाणचं कॉम्प्युटर आहे, आवाक्याच्या जरा बाहेरचंच, पण तिची इच्छा आहे. तिसरं कराड इलेक्ट्रिकल. चौथं-पाचवं लातूर-नांदेडकडचं, कारण तिथे एच लागतो हे आता कळलं. सोलापूर सहावं. सिव्हिल तिने कुठेच टाकलं नाही, मीही आग्रह केला नाही. नणंदेला तिनेच फोन करून सांगितलं की खांबावर चढायचं नसतं.

३८ हजारांचा तपशील ईमेलवर मागितला होता, अजून उत्तर नाही. बँकेचं आधार लिंक आज झालं.

फॉर्म उद्या लॉक करणार. एकच शंका उरलीय. कराडच्या मुलींच्या हॉस्टेलच्या जागा मेरिटवर भरतात असं तिथे सांगितलं. पहिल्या यादीत नाव आलं नाही तर कॉलेजजवळ विद्यानगर-सैदापूर भागात मुलींसाठी घरगुती खोल्या आणि मेस आहेत का? कुणाची मुलगी तिथे राहिली असेल तर जरूर सांगा. घरमालकीण खाली राहणारी असेल तर फार बरं.