लेझरने काचेवर एक मायक्रॉनच्या रेषा छापायच्या आहेत, एसएलएम घ्यावाच लागेल का?

प्रकाशवाट: एम.एस्सी. फिजिक्सचं दुसरं वर्ष. प्रोजेक्टमध्ये काचेवरच्या फोटोरेझिस्टवर (प्रकाश पडल्यावर बदलणाऱ्या पातळ थरावर) एक मायक्रॉन अंतराच्या समांतर रेषा उमटवायच्या आहेत. कॉलेजात ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेझर, स्पिन कोटर (काच फिरवून तिच्यावर थर पसरवणारं यंत्र) आणि ऑप्टिकल बेंच आहे. सर एसएलएम (स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, म्हणजे झोताला हवा तो आकार देणारं उपकरण) मागवू म्हणतात, पण किंमत लाखांत जाते. दुसरा मार्ग आहे का?

रेझिस्टवाला: आहे, आणि तुमच्यासाठी तोच बरा. झोताला हवी ती नक्षी द्यायची असेल, तर एसएलएमला तोड नाही. नुसत्या रेषांना लॉइडचा आरसा पुरतो. रेझिस्ट लावलेली काच आणि आरसा काटकोनात बसवा, पसरवून समांतर केलेला झोत दोघांवर पडू द्या. अर्धा प्रकाश थेट येतो, अर्धा आरशावरून, आणि जिथे भेटतात तिथे पट्टे तयार होतात. अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले २ साइन θ; θ म्हणजे झोत आणि आरशाचा पृष्ठभाग यांमधला कोन. एक मायक्रॉनला θ सुमारे ११.७ अंश. दोन्ही एकाच ठोकळ्यावर घट्ट आवळा. आमचे पहिले कित्येक नमुने कोरे निघाले, कारण आरसा वेगळ्या स्टँडवर होता. अर्ध्या मायक्रॉनची थरथर झाली तरी सगळं पुसलं जातं.

नीलकिरण: लेझर कोणता, ते आधी बघा. स्वस्त मल्टीमोड डायोडची सुसंगती (लाटा एका लयीत राहण्याचं अंतर) फार तोकडी असते. त्यामुळे पट्टे आरशाच्या कडेलाच येतात, पुढे विरतात. सिंगल मोड मिळवा. रेझिस्ट एस१८०५ घ्या, थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बसतो. खोलीत पिवळाच दिवा. आणि लेझरच्या संरक्षक चष्म्याशिवाय लेझर लावू नका, कृपया! ४०५ डोळ्याला मंद दिसतो, म्हणून माणूस गाफील राहतो.

प्रकाशवाट: खूप आभार दोघांचे. पण आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. रेषा उमटल्या हे कळणार कसं?

रेझिस्टवाला: डेव्हलप करून वाळवलेल्या काचेतून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सरळ सोडा. १० सेंटीमीटरवर पांढरा कागद धरा. मधल्या ठिपक्यापासून दोन्हीकडे साधारण ६.३ सेंटीमीटरवर ठिपके दिसले, तर अंतर एक मायक्रॉनच आहे. ठिपके फिके असतील तर एक्स्पोजर बदलत पाच-सहा काचा करा. सरांनाही हेच आधी दाखवा.

नीलकिरण: पुढे त्रिमितीत काही घडवावंसं वाटलं, तर दोन-फोटॉन पॉलिमरायझेशन (लेझरच्या केंद्रबिंदूपाशीच रेझिन घट्ट करत वस्तू घडवायची पद्धत) वाचा. ओसाकाच्या कावाता यांच्या गटाने २००१ साली त्याच पद्धतीने १० मायक्रॉन लांबीचा बैल बनवला होता. त्याला फेम्टोसेकंद लेझर (अतिसूक्ष्म काळाचे स्पंद देणारा) लागतो. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी आयआयटी मुंबईत आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) योजना आहे, तिथल्या सोयींची चौकशी करून ठेवा.