अनुभव धागा: सीमाभागात मनाच्या आजाराचा इलाज – कुठं, कोणत्या भाषेत, आणि मध्येच का सुटतो

शहापूरकर

बीपीची गोळी आपल्याकडे चारचौघांत घेतली जाते. मनाच्या आजाराची गोळी मात्र कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून कपाटात साड्यांखाली. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी घरांत त्यात आणखी एक पेच आहे: दुखणं मराठीत, दवाखाना कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांना मुद्दाम बोलावलंय. स्वतःची किंवा घरच्यांची कहाणी नको. काय करायचं, काय चुकतं आणि का चुकतं, तेवढंच लिहा. ‘पॉझिटिव्ह राहा’ छापाचे प्रतिसाद उडवले जातील.

मलप्रभाकाठ

धारवाडला मनोरुग्णालय आहे, म्हणून ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ ही आपल्याकडची जुनी शिवी. त्यामुळे पुष्कळ घरांना वाटतं की मनाचा डॉक्टर म्हणजे थेट धारवाड. तसं काही नाही.

आधी तालुक्याचं सरकारी रुग्णालय बघा. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ येतात. सण, सुट्टी, बैठक आली की तो मंगळवार बुडतो आणि जांबोटी-कणकुंबीकडून आलेलं माणूस हात हलवत परत जातं. ते पुन्हा येत नाही. म्हणून सोमवारी रुग्णालयात फोन करून विचारून घ्या. गावच्या आशाताईंना सांगितलं तर त्याही विचारून देतात.

पुढचं ठिकाण बेळगाव: बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय नाहीतर नेहरूनगरचं केएलई रुग्णालय. धारवाडची डिमहान्स (तेच मनोरुग्णालय, बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर) त्यानंतर, म्हणजे दाखल करावं लागणार असेल, दोन-तीन औषधं बदलूनही फरक नसेल किंवा निदानच ठरत नसेल तर.

सोबत रोज एका घरात राहणारं माणूस हवं. गाडी आहे म्हणून आलेला चुलतभाऊ झोपेबद्दल, जेवणाबद्दल काही सांगू शकत नाही. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घाला. पहिल्या भेटीला वेळ लागतो, संध्याकाळच्या गाडीच्या हिशेबानेच निघा. बायकांना शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसमधून राज्यात तिकीट नाही, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. दर महिन्याच्या फेरीला याचा फार आधार होतो.

दुभाषी

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

आपल्या बायका ‘मन उदास आहे’ म्हणून दवाखान्यात जात नाहीत. डोक्यात मुंग्या येतात, पोटातून गोळा उठतो, अंगाची आग होते, जीव थाऱ्यावर नाही, असं म्हणतात. हेच मोडक्या हिंदीत ‘छाती में दुखता है’ होतं, ईसीजी निघतो आणि पित्ताची गोळी घेऊन माणूस घरी येतो. तेव्हा तक्रारीच्या जोडीला आकडे सांगा. रात्री किती वाजता जाग येते? किती आठवड्यांपासून? भाकरी दोनवरून कितीवर आली? कामाचे किती खाडे झाले? हे कुठल्याही भाषेतल्या डॉक्टरला कळतं.

त्याहून सोपं म्हणजे पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. ती मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. सगळ्या भाषांत प्रश्नांचा क्रम तोच, त्यामुळे मराठीत भरलेला कागद कन्नड डॉक्टर सहज वाचतो. १० किंवा जास्त गुण आले तर दाखवायला जा. निदान मात्र डॉक्टरच करणार. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बाकीची बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी निघा.

भाषांतराला नवरा, सासू, शाळेतला मुलगा घेऊ नका. वाईट असतात म्हणून नव्हे. ‘मरून जावंसं वाटतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून ‘थोडं टेन्शन आहे’ होऊनच बाहेर पडतं, आणि घरातल्या मारहाणीबद्दल तर अक्षर निघत नाही. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स किंवा आया जवळपास असतेच. ‘मराठी माताडो सिस्टर इद्दारा?’ एवढं कन्नड पाठ करून जा. आपण चार शब्द त्यांच्या भाषेत बोललो की समोरचाही मोकळा होतो. भाषेचा झगडा कोर्टात चालू द्या, ओपीडीत नको.

हक्कही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार आजार काय, उपचार काय, दुष्परिणाम काय, ही माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत मिळायला हवी. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर ‘वाचून मराठीत सांगा, मग सही करतो’ म्हणा. आवाज न चढवता.

निपाणीची वहिनी

हे बेळगाव-खानापूरला ठीक. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात डॉक्टरपासून शिपायापर्यंत मराठी, आणि मुख्य म्हणजे गल्लीतलं कोण भेटत नाही. विडीच्या कामावरच्या बायका तिथेच जातात. त्यांना पुन्हा कन्नड दवाखान्यात कशाला पाठवता?

गोळ्यांचा हिशेब

वहिनी, पहिल्या भेटीला कोल्हापूर, मिरज, गोव्याचं बांबोळीचं रुग्णालय, कुठेही जा. मनातलं मराठीत सांगून होतं, हे मोठंच काम. पण मेडिकलच्या काउंटरवरून दिसतं ते वेगळं: लांबच्या डॉक्टरची गोळी दोन-तीन महिन्यांनी बंद पडते. दिवसाची मजुरी, भाडं, घरी सांगायचं निमित्त, यातलं काहीतरी एक संपतं. आणि सीमेवर काही पेटलं की गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही. म्हणून तिकडच्या डॉक्टरकडून पहिल्याच भेटीत इंग्रजीत एक पत्र मागून घ्या: निदान, औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे), मात्रा, कधीपासून, कोणत्या तपासण्या झाल्या. ते दाखवून पुढचं औषध तालुक्यात किंवा बेळगावात चालू ठेवता येतं. दोन आठवड्यांचा जादा साठा घरात असू द्या, पण ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट येतंय त्याच्या हाताशी नाही. कुलूप लावून, दुसऱ्याच्या ताब्यात.

गोळ्या का सुटतात, तेही सांगतो. उदासीवरची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात. त्याआधीच मळमळ आणि बेचैनी येते. पाचव्या दिवशी ‘ही गोळी सोसत नाही’ म्हणून पाकीट कपाटात. पहिला आठवडा त्रासाचा असतो हे आधीच सांगितलं तर निम्मी माणसं टिकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरच्या सल्ल्याने कमी करत करत. एकदम तोडली तर गरगरतं, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटतात, आणि मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. त्या जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने मागू नका, आम्ही नाही म्हटलं तर रागावू नका.

लिथियम (मन टोकाचं वर-खाली होण्याच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही नेहमीसारखं ठेवा. मे महिन्यातलं ऊन, जुलाब, कडक उपास यांत अंगातलं पाणी घटतं आणि औषधाचं विष होतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोक जाणं, बोलणं जड होणं ही खूण, लगेच दवाखाना. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर नकोच. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी होते, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची.

आशाताई, खानापूर भाग

देवाधर्माचं लिहिते. सौंदत्ती, नरसोबाची वाडी, गाणगापूर कोणी बंद करू शकत नाही, करूही नये. ‘हे सगळं थोतांड’ म्हणणाऱ्या घरात पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. आम्ही सांगतो, नारळ फोडा, अंगारा लावा, गोळ्यांचा डबा पिशवीत राहू दे. देवऋषीला आधी विश्वासात घेतलं आणि त्याने ‘डॉक्टरलाही दाखवा’ म्हटलं, तर आमच्या दहा फेऱ्या वाचतात.

बाधेसारखं दिसणारं पण भलतंच असणारं असं काही असतं, तिथे मात्र थांबायचं नाही. बाळंतीण पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलायला लागली, मूल आपलं नाही म्हणाली, तर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. म्हाताऱ्या माणसाची शुद्ध एका दिवसात बिघडली तर ते बहुतेक वेडही नाही आणि बाधाही नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, असं काहीतरी असतं, आणि ते तपासणीत कळतं. तिसरं, मनाच्या आजाराचं इंजेक्शन किंवा नवी गोळी सुरू झाल्यावर मान वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर ओढली जाते. बघणाऱ्याला वाटतं देवीचा कोप. तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि त्यावरच्या इंजेक्शनने लवकर उतरतो. ही माहिती आधी दिली नाही तर ते घर औषध कायमचं टाकतं.

साखळीनं बांधायचं नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नेच त्याला बंदी आहे. भूत उतरवायला मारहाण करणं कर्नाटकच्या अघोरी प्रथाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण बांधलेल्या घरात कायदा सांगत जाऊ नका. रात्री किती जण जागतात, एवढं विचारा. ती माणसं थकलेली असतात.

कँटीनवाले मामा

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, म्हणून घराघरात माजी सैनिक, आणि कँटीनची रम. दारूबद्दल दोनच गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम सोडायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, अंग थरथरतं, घाम सुटतो. भूतबीत काही नाही, दारू तुटल्याचा वात आहे, आणि त्यात माणूस जातो. दाखल करा. दुसरं, जेवणात चोरून मिसळायचं ‘दारू सोडायचं औषध’ नको. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो. ते औषध पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. ज्यांच्याकडे ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे त्यांनी आधी पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावं, नाहीतर बिल अंगावर पडतं.

दाखल्यांचा दलाल नव्हे

नावावरून हसू नका, कागदाचंच काम करतो. मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्रासाठी ‘आयडियाज’ मोजणी करतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४, वर आजार किती वर्षांचा त्याचे गुण. २० पैकी ७ झाले की ४० टक्के, आणि सवलती तिथून सुरू. इथे घरचेच घात करतात: ‘करतो की सगळं’ म्हणतात, अब्रूसाठी. मागे लागून आंघोळ घालावी लागते, हे सांगितलंच पाहिजे.

अर्ज राहत्या जिल्ह्यातून करा. आधार, रेशनकार्ड आणि केसपेपरवर नाव एकाच स्पेलिंगने हवं. मराठी आडनाव कन्नडमध्ये जाऊन इंग्रजीत परत येताना हमखास बदलतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, पण नेमका आपला उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

शहापूरकर

लग्नाबद्दल कोणीच लिहिलं नाही.

दुभाषी

कारण ते अवघड आहे. स्थळ मोडेल म्हणून लपवतात, मुलगी सासरी जाते, गोळी घेताना कोणी बघेल म्हणून सोडते, आणि काही महिन्यांत आजार उलटतो. मग ‘फसवलं’ हा शब्द येतो, आणि कोर्टातही तोच येतो. माझं मत: ठरायच्या आधी, दोन्हीकडची एक-दोन शहाणी माणसं बसवून, आजाराचं नाव आणि चालू गोळी सांगावी, शक्य असेल तर डॉक्टरसमोर. काही स्थळं मोडतील. आणि लग्नाआधी औषधाचा आढावा घ्याच. व्हॅलप्रोएट हे मनाच्या काही आजारांवरचं औषध गरोदरपणात बाळाला घातक, ते वेळेत बदलावं लागतं.

मलप्रभाकाठ

एक राहिलं. कोणी जीव द्यायला शेतीचं विषारी औषध प्यालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली लेबलसकट सोबत घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्यात. पोलीस केस होईल म्हणून लोक खासगी दवाखाने फिरत तास घालवतात. नोंद होते, ती कागदाची. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, आणि जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

निपाणीची वहिनी

मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे ना, टेली मानस, तिथे मराठी मिळतं का?

आशाताई, खानापूर भाग

मिळतं. १४४१६, चोवीस तास, फुकट. सुरुवातीला भाषा विचारतात तिथे घाई न करता सगळे पर्याय ऐका. कन्नड लागलं तर ‘मराठी बेकु’ म्हणा. आणि फोन शेजाऱ्याचा नको, नंतर टेली मानसवाले त्याच नंबरवर उलट फोन करतात.